काच पुसू नका, आधी कप बघा

(दृश्य: डिसेंबरची सकाळ, नागपूर. ड्रिलचं मैदान. लाल गाडीचं शटर वर जातं, आत रांगेत लटकलेले मास्क.)

नागपुरात डिसेंबरमधे पारा दहाच्या आसपास आला की गाडीत रात्रभर लटकलेला बीए सेटचा मास्क पण तेवढाच गार पडतो. कॉल येतो, फायरमन मास्क चढवतो, पहिला श्वास सोडतो आणि झालं, समोरची काच पांढरी. बीए सेट म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर, तोंडावर पूर्ण चेहरा झाकणारा मास्क आणि मधे हवा सोडणारा डिमांड व्हॉल्व्ह. वाफ धरते काचेच्या आतून, आणि बोटं राहतात बाहेर, मग पुसणार कसं?

तुम्ही म्हणाल वाफच तर आहे, जाईल थोड्या वेळात. पण धुराने भरलेल्या गोडाऊनमधे माणसाला हेच कळत नाही की दिसत नाहीये ते बाहेरच्या धुरामुळे की आपल्याच श्वासामुळे. सिलिंडरमधे हवा किती उरली ते दाखवणाऱ्या गेजचा काटा दिसत नाही, जोडीदार दिसत नाही, मग हात आपोआप पट्ट्याकडे जातो, जरासा सैल करून बघू म्हणून. फोम आणि प्लास्टिक जळतं तेव्हा त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, हायड्रोजन सायनाइड असतो, आणि दाट धुरात तर थोड्याशाच श्वासात माणूस आडवा होऊ शकतो.

(दृश्य: कापलेल्या मास्कचं मॉडेल, टेबलावर.)

आता वाफ येते कुठून ते बघू. आपण सोडलेली हवा साधारण 34 डिग्रीची असते आणि ओलीचिंब, एका घनमीटरमधे 35 ग्रॅमच्या वर पाणी. काच दहा डिग्रीची असेल तर तिच्याजवळची हवा जेमतेम साडेनऊ ग्रॅम धरू शकते, बाकीचं पाणी काचेवरच उतरणार ना. थंडीत चष्मेवाला माणूस तर्री-पोह्याच्या ठेल्यावर तर्रीच्या गंजावर वाकला की जे होतं, तेच. आणि सिलिंडरमधली हवा? युरोपियन स्टँडर्डप्रमाणे 300 बार दाबाच्या सिलिंडरसाठी घनमीटरला 35 मिलिग्रॅमच्या आत पाणी. ग्रॅम नाही, मिलिग्रॅम. म्हणजे श्वासापेक्षा हजारपट कोरडी हवा माणूस पाठीवर घेऊनच फिरतोय, ती फक्त काचेवरून जायला पाहिजे.

मास्क बनवणाऱ्यांनी तीच सोय करून ठेवली आहे. मोठ्या मास्कच्या आत नाक आणि तोंड झाकणारा एक छोटा रबरी कप असतो. श्वास घेतला की कोरडी हवा आधी काचेवर फिरते, मग कपाच्या दोन बाजूंच्या छोट्या व्हॉल्व्हमधून नाकात जाते. श्वास सोडला की ते दोन्ही व्हॉल्व्ह बंद होतात आणि ओली हवा खालच्या व्हॉल्व्हमधून सरळ बाहेर, काचेला न भेटता. आपणच सोडलेली कार्बन डायऑक्साइडची हवा परत आपल्याच नाकात जाऊ नये, हे पण काम तोच कप करतो.

म्हणून काचेवर वाफ धरली की फॉग घालवायचा स्प्रे शोधायच्या आधी कप बघायचा. माझं तर म्हणणं आहे की स्प्रेची बाटली हातात दिसली की माणूस खरं कारण शोधायचंच सोडून देतो. कप हनुवटीवर नीट बसला नसेल, वर सरकला असेल, त्या चेहऱ्याला मोठा होत असेल, तर नाकाजवळच्या फटीतून प्रत्येक श्वास काचेवर. दोन व्हॉल्व्हपैकी एखाद्याची रबरी चकती धुताना निघून पडली, उलटी बसली, किंवा कडक होऊन उघडीच राहिली, तरी तेच. चकती एवढीशी असते, धुवायच्या बादलीत पडली तर कोणाच्या लक्षातही येत नाही. मास्क उजेडात धरून दोन्ही चकत्या बोटाने हलवून बघायला एक मिनिट पण लागत नाही.

दुसरं कारण म्हणजे घाई. मास्क आधीच चढवून डिमांड व्हॉल्व्ह न जोडता बाहेर थांबणं, ऑर्डर येईपर्यंत. त्या वेळात कोरडी हवा येतच नाही, सगळा बाहेरच्याच हवेवर कारभार, आणि ऑगस्टमधे नागपूरची हवा काय असते ते सांगायला नको. मास्क गळ्यातल्या पट्ट्याला लटकवून ठेवायचा आणि आत शिरायच्या जागी येऊनच चढवायचा, हे बरं.

(दृश्य: मे महिना, दुपार. रस्ता तापलेला.)

गंमत म्हणजे मे महिन्यात, 45 डिग्रीत, ही कटकट बरीच कमी असते. काच श्वासापेक्षा गरम असेल तर पाणी बसणार कुठं? तेव्हा त्रास घामाचा, तो भुवईवरून थेट डोळ्यात. पण मास्क धुऊन त्याच उन्हात वाळवायला ठेवू नका राजेहो, रबर लवकर म्हातारं होतं. कोमट पाणी, सौम्य साबण, चांगलं खळबळून धुणं, आणि सावलीत पूर्ण वाळवणं. ओला मास्क पिशवीत कोंबला की पुढच्या कॉलला वाफ पक्की.

(दृश्य: कोरड्या फडक्याने काच घासणारा हात. निवेदनाच्या वेळी थांबवायचं.)

हे असं नाही करायचं. काच म्हणतो आपण, पण असते ती पॉलिकार्बोनेट, तिला ओरखडे पडतात, आणि आतल्या बाजूला फॉग न धरणारा थर असेल तर तो पण निघतो. थिनर, पेट्रोल तर लांबच ठेवा. त्या थराचं काम काय, तर पाण्याचे थेंब होऊ द्यायचे नाहीत, सपाट पातळ पडदा करायचा, कारण थेंब उजेड विखुरतात आणि पडद्यातून आरपार दिसतं. भांड्याच्या साबणाचं पाणी लावलं की हेच होतं, ट्रकवाले पावसात काचेवर तंबाखू नाहीतर कापलेला बटाटा घासतात तो पण त्याच जातीतला प्रकार. ट्रकला चालतं. मास्कमधे साबण घामाबरोबर डोळ्यात उतरतो, चकत्यांना चिकटतो. कंपनीने त्या मास्कसाठी सांगितलेलं जेल असेल तेच, पातळ, मऊ फडक्याने.

नागपुरात 1957 पासून राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे, देशभरातले अधिकारी इथं शिकून जातात. आणि आगीचं ट्रेनिंग कुठलंही असो, एक सराव असतोच, डोळ्यापुढं अंधार करून होज पाईप आणि भिंत चाचपत बाहेर यायचं. काच पांढरी झाली की हाच सराव कामाला येतो.

आत असताना फॉग आला तर? मास्क हलवायचा नाही. आधी बाहेरून ग्लव्हने पुसायचं, कारण गरम दमट खोलीत गार काचेवर बाहेरून पण वाफ आणि काजळी बसते. तरी दिसलं नाही तर बायपास, म्हणजे सिलिंडरची हवा सतत मास्कमधे सोडणारी कळ, एखादा सेकंद उघडायचा, कोरडी हवा आत सुटते आणि आतली वाफ असेल तर काच मोकळी होते. पण फुकट नाही मिळत ते. 6.8 लिटरच्या सिलिंडरमधे 300 बारला जवळपास दोन हजार लिटर हवा, आणि बायपास उघडा राहिला तर मिनिटाला शंभर लिटरच्या कितीतरी वर जाते. सिलिंडरचा दाब पन्नास-पंचावन्न बारवर उतरला की हवा संपत आल्याची शिट्टी वाजायला लागते, ती वेळेआधी वाजेल. दोनदा बायपास उघडून पण काच परत पांढरी होत असेल तर जोडीदाराला सांगायचं आणि दोघांनी बाहेर यायचं. कप बाहेर येऊन बघायचा.