काय घावलं काय?

नमस्कार श्रोतेहो. जानेवारीतल्या त्या अवकाळीनं आपल्याला सलग तीन दिवस घरात कोंडलं. माळ्यावर टाकलेल्या छत्र्या परत खाली आल्या, स्वेटरवर रेनकोट चढले. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला की ऐन थंडीतही आपल्याकडं आभाळ भरून येतं, एवढं आपल्याला पुरे. चौथ्या दिवशी सकाळी ऊन पडलं आणि मी सायकल बाहेर काढली.

सायकल म्हणजे वडिलांची, बावीस इंची, काळी. गिअर नाही, पण मडगार्ड आहे, चेनकव्हर आहे, मागं कॅरियर आहे. हल्ली लोक एवढाली रक्कम मोजून गिअरची सायकल घेतात आणि तिला मडगार्डच नसतं! पावसाळी रस्त्यावरून आले की पाठीवर थेट मानेपर्यंत चिखलाची रांगोळी. असो. विषय तो नाही.

कोल्हापुरातनं, रंकाळ्यावरून फुलेवाडी, पुढं बालिंग्याचा पूल, तिथून आत कोग्याच्या बाजूला, आणि मग कसबा बीड. येताना हळदीवरून वाशी, पुईखडी करत घरी. फेरी अशी 40 किलोमीटरच्या आसपास. एरवी दुपारच्या जेवणाला घरी पोचतो. त्या दिवशी दिवस मावळला.

कारण चिखल. ऊसतोडीचा हंगाम, त्यात पाऊस. फडात ट्रॅक्टर जात नव्हते, बैलगाड्या आसापर्यंत रुतलेल्या, तोडणी थांबलेली. पण आधी भरलेल्या ट्रॉल्या कशाबशा रस्त्याला लागल्या होत्या आणि चाकांबरोबर शेतातली काळी माती डांबरावर आणून सोडत होत्या. ही माती ओली असली की साबण! तिच्यावर ब्रेक दाबायचा नाही. पुन्हा सांगतो, चिखल दिसला की ब्रेक नाही, हँडल सरळ, पायडल हलकं. ब्रेक चिखलाच्या अलीकडंच दाबून घ्यायचा. पुढचा एकटा ब्रेक तर कधीच नाही.

वाटेत एक गुऱ्हाळ लागलं. बंद. गुळव्या, म्हणजे गूळ करणारा, रस उकळायच्या काहिलीच्या कडेला बिडी ओढत बसलेला. चुलवाणात घालायची चिपाडं सगळी भिजलेली, ती दोन दिवस कडक वाळल्याशिवाय जाळ होणार नाही, म्हणाला. मागच्या आदणाची, म्हणजे मागच्या खेपेला उकळलेल्या रसाची, वाटीभर काकवी मात्र त्यानं दिली. गूळ तांबूसच असतो हो. पिवळाधमक पाहिजे म्हणून दुकानात अडून बसणाऱ्यांना माझा हात जोडून नमस्कार.

कोग्याच्या बंधाऱ्यात बरगे घातलेले होते. पावसाळा सरला की पाणी अडवायला घालतात त्या फळ्या. तीन दिवसांचं पाणी आता त्यांच्यावरून सांडत होतं, दुधाच्या चहासारखं. बंधाऱ्यावरून सायकल चालवत जायची नाही, उतरून हातात धरायची. मी तशीच नेली.

आणि मग बीड. बीड म्हटलं की आपल्याकडं कुणालाही सांगावं लागत नाही. सोन्याचा पाऊस पडणारं गाव! शिलाहार राजांच्या काळातलं नांदतं ठिकाण, गावात वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव दगड, जागोजाग उभे, आणि पावसानं माती धुऊन गेली की कधी परड्यात, कधी शेतात बारकी सोन्याची नाणी सापडतात. पाऊस नुकता पडून गेलेला. हे मी विसरलो, तिथंच चुकलं.

गावात शिरलो आणि मागचं चाक फिरायचं थांबलं. मडगार्ड चिखलानं गच्च. एका घरासमोर सायकल आडवी केली, पान्ह्यानं मागच्या चाकाचा नट सोडवला, चाक सैल करून काडीनं चिखल काढला. परत बसवायला बघतो तर नट गायब. मग काय, उकिडवा बसलो आणि चिखल चाचपायला लागलो. एकेक ढेकूळ उचलायचं, बाटलीतल्या पाण्यानं धुवायचं, बघायचं, टाकायचं.

एक म्हातारबा येऊन थांबले. "काय घावलं काय?"

मी मान वर न करता म्हणालो, "न्हाई अजून."

श्रोतेहो, 'न्हाई' एवढंच म्हणायला पाहिजे होतं. 'अजून' म्हणालो आणि घात झाला. पाच मिनिटांत पंधरा माणसं. दोन पोरं माझ्या शेजारी बसून चिखल धुवायला लागली. कुणी तरी घरातनं चाळण आणली. मी ओरडून सांगतोय, "अहो, नट शोधतोय, सायकलचा नट!" म्हातारबा बाकीच्यांकडं बघून डोळा मिचकावत म्हणाले, "व्हय व्हय. समदी असंच म्हणत्यात."

मग घरातनं आजी बाहेर आली. कमरेवर हात. "पावनं, हे आमचं अंगाण हाय. घावलं तर निम्मं आमचं."

म्हटलं, "आजी, अख्खं घ्या, पण सापडू दे."

हे ऐकून तर त्यांची खात्रीच पटली. तासभर अंगण उपसलं. सापडलं काय, तर एक बटण, बाटलीचं बूच आणि पोराच्या हरवलेल्या गोट्या, तीन. शेवटी त्यातल्याच एका पोरानं घरच्या मोडक्या सायकलचा नट काढून आणला. तो बसला. आजीनं चहा दिला, भाकरी-आमटी दिली, आणि निघताना माझ्या दोन्ही खिशांकडं नीट बघून घेतलं.

पुईखडीच्या चढाला अंधार पडला. पुढं उसाची ट्रॉली, मागं ना दिवा ना लाल कापड. मालक मंडळींनो, कापड तरी बांधा.

घरी आल्यावर सायकल धुवायचा कंटाळा करू नका. चिखल वाळला की चेन गंजते. त्याच रात्री धुवा, पुसा, तेल सोडा. त्याच रात्री. मी कंटाळा केला. तिसऱ्या दिवशी चेनकव्हर उघडून वाळलेला चिखल फोडला आणि आतून टण्णकन नट फरशीवर पडला.

बीडला जाऊन सांगायला पाहिजे. पण तिथं कोण विश्वास ठेवणार? नमस्कार.