बैल पाच तासांनी सुटतो

मंडळी, बोलायचं आहे ट्रक ड्रायव्हरबद्दल, पण सुरुवात बैलापासून करतो. गाडीला आणि ओझ्याला लावलेल्या जनावरांचे हाल होऊ नयेत म्हणून 1965 चे केंद्राचे नियम आहेत. दिवसात 9 तासांपेक्षा जास्त जुंपायचं नाही, सलग 5 तासांनंतर विसावा द्यायचा, पारा 37 अंशांच्या वर गेला तर दुपारी 12 ते 3 जू उतरवायचं.

त्याच्या चार वर्षं आधी, 1961 साली, मोटार परिवहन कामगार कायदा झाला. त्यातही 5 तासच! मग किमान अर्धा तास विश्रांती. दिवसाला काम 8 तास, आठवड्याला 48. लांब पल्ल्यासाठी परवानगी काढली तर 10 आणि 54. आजची ड्यूटी संपल्यापासून उद्याची लागेपर्यंत सलग 9 तास मोकळे. उन्हाबद्दल मात्र अक्षर नाही, तेवढ्यापुरता बैल नशीबवान. हा कायदा पुढे 2020 च्या कामगार संहितेत सामावला गेला, तो भाग आज सोडतो.

मी इथे इंदूरच्या ट्रान्सपोर्ट नगरात 26 वर्षं बिल्ट्या, म्हणजे ट्रकमधल्या मालाच्या पावत्या, फाडल्या. अर्ध्या तासाचं मला फारसं वाटत नाही. चहाला, जेवायला ड्रायव्हर थांबतोच. खरी गोम आहे कारखान्याच्या फाटकावर.

समजा, गाडी इंदूरजवळ पीथमपूरच्या कारखान्यात सकाळी 7 ला रांगेत लागली आणि भरायला नंबर आला दुपारी 4 ला. मधले 9 तास कशात धरायचे? जुन्या कायद्याची व्याख्या म्हणते, ठिकाणावर नुसतं हजर राहणं 15 मिनिटांपेक्षा कमी असेल तर ते कामात धरा. जास्त असेल, तर? काम नाही. पण विश्रांतीही नाही! रांग दहा फूट सरकली की इंजिन चालू करायचं, नाहीतर मागचा पुढे घुसतो. डोळा लागणार कसा? त्यात मे महिना, आणि तापलेली केबिन. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या जड ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली खरी, पण रांगेत उभ्या असतात त्या बहुतेक जुन्याच.

भत्ता फेरीवर मिळतो, म्हणून गेलेला दिवस रात्रीत भरून काढायचा. रात्री मानपूर सोडून तो गणेश घाट उतरायला लागतो, तेव्हा कागदावर त्याचा दिवस नुकता उजाडलेला असतो.

युरोपात साडेचार तास चालवलं की 45 मिनिटं थांबावं लागतं. पण मला त्याहून मोलाचा वाटतो तो गाडीतला टॅकोग्राफ. चालवणं, दुसरं काम, ताटकळणं आणि विश्रांती, असे चार हिशेब तो वेगवेगळे ठेवतो.

आमच्या बिल्टीवर नग असायचे, वजन असायचं, भाडं असायचं, गाडी सुटल्याची तारीख असायची. फाटकावर केव्हा लागली, याला रकाना नव्हता. पट्टी आणि पेन माझ्याच टेबलावर होतं. 26 वर्षांत मीही तो कधी आखला नाही.