फिलिपिनो राजकारणाचा हाँगकाँगमधला पत्ता

फिलिपिन्सचा राष्ट्रध्वज फिलिपिन्समध्ये शिवलेला नाही. 1898 साली हाँगकाँगच्या वान चाई भागात, मॉरिसन हिल रोडवरच्या एका घरात मार्सेला आगोन्सिल्यो या बाईंनी तो शिवला. हाताशी त्यांची मुलगी होती आणि फिलिपिनोंचा राष्ट्रीय नायक असलेला लेखक होसे रिसाल याची एक भाची. फिलिपिन्स तेव्हा स्पेनची वसाहत होती, आणि स्पेनशी तह करून परागंदा झालेले बंडाचे नेते आगिनाल्दो तेव्हा हाँगकाँगमध्येच होते. 12 जूनला फिलिपिन्समधल्या कावित गावी त्यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं, तेव्हा हाच झेंडा फडकला. त्याच्याही आधीचं बघा. रिसालची पहिली कादंबरी 1887 मध्ये बर्लिनला छापली गेली, आणि वसाहतीत सुधारणा मागणारं पाक्षिक 1889 मध्ये निघालं ते बार्सिलोनात. घरी जो तागालोग किंवा इलोकानो भाषक होता, तो माद्रिदच्या खानावळीत एकमेकांच्या शेजारी बसून फिलिपिनो झाला.

हे मुद्दाम आधी सांगितलं. परदेशातले लोक आपल्या राजकारणात नाक खुपसतात, अशी कुरकुर राजधानी मनिलातली शहाणी मंडळी दर निवडणुकीनंतर करतात. मला ही कुरकुर पटत नाही. या देशाचं राजकारण सुरुवातीपासून बाहेरही घडत आलंय. बदललं ते एवढंच की तेव्हा बाहेर वकील, डॉक्टर आणि चित्रकार होते, आता मोलकरणी, नर्सेस आणि खलाशी आहेत.

हा बदल आपोआप झालेला नाही. तेव्हाचे अध्यक्ष थोरल्या मार्कोसनी 1972 मध्ये लष्करी कायदा लावला. 1974 च्या कामगार संहितेने माणसं परदेशी पाठवणं हे सरकारी धोरण केलं. आखातात तेलाचा पैसा वाहत होता, इथे बेकारी होती आणि परकीय चलनाची चणचण. तात्पुरती सोय म्हणून सुरू झालेलं ते धोरण आजतागायत चालू आहे. 2024 मध्ये या लोकांनी 38 अब्ज डॉलरहून जास्त रक्कम घरी पाठवली.

पण सरकारला आपखुशीने येणारा पैसा पुरेना. 1982 मध्ये मार्कोसनी फर्मान काढलं: परदेशातल्या घरकामगारांनी निम्मा पगार बँकेमार्फतच मायदेशी पाठवायचा, नाहीतर पासपोर्टचं नूतनीकरण अडेल. हाँगकाँगमधल्या बायका याविरुद्ध एकत्र आल्या. ज्यांना घरमालकिणीसमोर आवाज चढवायची सोय नव्हती, त्या हुकूमशहाला नडल्या, आणि 1985 मध्ये सक्ती मागे घ्यावी लागली. मनिलात लाखोंची गर्दी रस्त्यावर उतरून मार्कोस पळाले ते 1986 मध्ये. त्या क्रांतीचे फोटो जगाने पाहिले, या बायकांचे फार कुणी पाहिले नाहीत. 1988 मध्ये मार्कोसनंतरच्या अध्यक्ष कोराझोन आकिनो हाँगकाँगला आल्या आणि याच बायकांना त्यांनी ‘देशाच्या नव्या वीर’ म्हटलं. वीर म्हणायला पैसे पडत नाहीत.

हाँगकाँगला कधी गेलात तर रविवारी सेंट्रल या मध्यवर्ती भागात जा. चेटर रोड गाड्यांना बंद असतो. पुठ्ठे अंथरून, पुठ्ठ्यांच्याच बुटक्या भिंती करून बायका बसलेल्या असतात, मोठ्या बँकेच्या इमारतीखालीसुद्धा. कुणी पत्ते खेळतंय, कुणी नाच बसवतंय, कुणी घरी पाठवायच्या खोक्यात साबण, कॉफी, टिनचं मांस कोंबून वर चिकटपट्टीचे वेढे देतंय. मालकाच्याच घरी राहायचं असा नियम असल्याने स्वतःची म्हणावी अशी जागा त्यांना रस्त्यावरच मिळते. नोकरी सुटली तर दोन आठवड्यांत शहर सोडायचं, हा 1987 पासूनचा नियम. इतर परदेशी लोकांना सात वर्षांनी कायमच्या वास्तव्याचा अर्ज करता येतो. घरकामगारांना तो हक्क नाही, हे 2013 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पक्कं केलं. जिथे राहता तिथलं होता येत नसेल, तर माणूस मायदेशाच्या राजकारणात जीव गुंतवणार नाही तर काय करणार?

ते खोकं लक्षात ठेवा. 2015 मध्ये मनिलाच्या कस्टम्सने ही खोकी उघडून तपासायचं जाहीर केलं आणि जगभरचे फिलिपिनो खवळले. कोकणातल्या माणसाला हे लगेच कळेल. चाकरमान्याने गणपतीला घरी नेलेली ट्रंक एसटी स्टँडवर कुणी उपसली असती तर? अध्यक्ष धाकट्या आकिनोंना, म्हणजे कोराझोन यांच्या मुलाला, माघार घ्यावी लागली. त्याच वर्षी मनिला विमानतळावर प्रवाशांच्या सामानात बंदुकीची गोळी टाकून पैसे उकळल्याच्या तक्रारी गाजल्या. बायका सामान प्लास्टिकमध्ये गुंडाळून प्रवास करू लागल्या. पुढच्या वर्षी मे महिन्यात दुतेर्ते अध्यक्ष म्हणून निवडून आले, परदेशातल्या मतांमध्येही तेच पुढे होते. त्यांच्या काळात अमली पदार्थांविरुद्धच्या मोहिमेच्या नावाखाली झालेल्या हत्या मला अक्षम्य वाटतात. पण ज्यांना विमानतळावर उतरताच आपलंच राज्य लुबाडतंय असं वाटतं, त्यांनी ‘साफ करून टाकतो’ म्हणणाऱ्याला मत दिलं, हे न समजण्यासारखं नाही. 2022 च्या अध्यक्षीय निवडणुकीत थोरल्यांचा मुलगा, धाकट्या मार्कोसनाही परदेशातून भरघोस मतं पडली. ज्यांच्या बापाने पगारावर हात घातला होता त्यांनाच! 1985 आठवणाऱ्या बायका आता बहुतेक निवृत्त होऊन गावी परतल्यात.

आणि मार्च 2025 मध्ये दुतेर्ते पुन्हा कुठे होते? हाँगकाँगला, त्याच वान चाईतल्या स्टेडियममध्ये, आपल्या परदेशस्थ पाठीराख्यांपुढे भाषण करत. 11 तारखेला तिथून मनिलाला उतरले आणि आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या वॉरंटवर पकडले गेले. त्याच रात्री ते न्यायालय जिथे आहे त्या हेगला रवाना. मग हेगलाच पाठीराख्यांची गर्दी जमली.

परदेशातून मतदानाचा कायदा 2003 चा, पहिलं मतदान 2004 चं. 2025 पर्यंत त्यासाठी बहुतेकांना दूतावास गाठावा लागायचा किंवा टपालाची वाट पाहावी लागायची. आखातात ज्या बाईला आठवड्याची सुट्टीच मिळत नाही तिने दूतावासात जायचं कधी? मे 2025 मध्ये बऱ्याच देशांतून पहिल्यांदाच इंटरनेटवरून मतदान झालं. म्हणजे निदान कागदोपत्री तरी आता तिला मत देण्यासाठी मालकिणीची परवानगी लागत नाही. ती कुणाला मत देते, यावर मनिलात कुरकुर चालूच राहील.