अंगठा ठेवून बघा : आपल्या गावांचे काल्पनिक फुटबॉल क्लब

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओत खानापूरची जर्सी दाखवली, कौलाचा तांबडा आणि जंगलाचा हिरवा, तेव्हापासून सगळे एकच विचारतायत: आमच्या गावाचा क्लब कधी? संकेश्वर, चिकोडी, हुक्केरी, पार कारवारपर्यंत. म्हणून आज क्लब बनवायचा कसा तेच सांगतो. मग तुमचा तुम्ही बनवा.

सोपं आधी उरकूया. नाव ठरवा, दोन रंग निवडा, घरची जर्सी, बाहेरची जर्सी, छातीवर चिन्ह. नावात युनायटेड, सिटी घालू नका. कोल्हापुरात बघा, पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम. तालमीचं नाव तेच टीमचं नाव, आणि त्या नावावर शाहू स्टेडियम भरतंय. बस्स, एवढंच.

आता चिन्ह. इथं सगळे अडकतात, म्हणून इथं वेळ घेणार आहे. चिन्हावर अक्षर नको. गावाचं नाव नको, आद्याक्षर नको, काही नको.

का ते सांगतो. शाळेत असताना आमच्या गल्लीच्या टीमनं वर्गणी काढून टी-शर्ट शिवले. छातीवर बिल्ला, त्यावर नाव. मराठीत लिहायचं की कन्नडमध्ये, यावरच संध्याकाळ गेली. शेवटी दोन्ही लिहायचं ठरलं. मग वर कुठलं आणि खाली कुठलं? आमचा गोलकीपर घरी कन्नड बोलायचा. त्या दिवशी तो न बोलता घरी गेला आणि पुढं आठवडाभर मैदानावर आला नाही. मला ते अजून आठवतंय. 1956 ला भाषावार राज्यं झाली आणि आपला मराठी-कन्नड भाग कर्नाटकाकडं (तेव्हाच्या म्हैसूर राज्यात) गेला, तेव्हापासून इथं पाटीवरचं अक्षर म्हणजे नुसतं अक्षर राहिलेलं नाही. दहा-बारा वर्षांच्या पोरांच्या छातीवर ते ओझं कशाला?

आणि वाद मिटला असता तरी काय? बिल्ला एम्ब्रॉयडरी होऊन आला तेव्हा सगळ्या मात्रा, वेलांट्या दोऱ्यानं भरून गेल्या होत्या. कन्नडच्या खालच्या जोडाक्षरांचा तर गोळा झाला होता. चार बोटं रुंदीच्या बिल्ल्यात आपल्या लिप्या मावत नाहीत. वर मात्रा, खाली उकार, जागा कुठून आणणार?

आता सगळ्यात महत्त्वाचं. [चिन्हाचा कागद समोर धरून, नावावर अंगठा ठेवत] नाव असं झाकायचं. आता सांगा, कुठलं गाव? तुम्ही पाठवलेल्या चिन्हांत निम्म्यांत किल्ल्याचा बुरूज आहे. बेळगावला किल्ला, कित्तूरला किल्ला, येळ्ळूरला राजहंसगड, बिदरला किल्ला. अंगठा ठेवला की चारी गावं एक. म्हणजे गाव चित्रात नाहीच, ते फक्त अक्षरात आहे. अक्षर काढलंत की चित्राला काम करावं लागतंय, म्हणून मी अक्षराच्या मागं लागलोय.

मग चित्र कशाचं? गावातले हात काय करतात, त्याचं. इंग्लंडातल्या आर्सेनल क्लबच्या चिन्हावर तोफ आहे, कारण 1886 मध्ये तो क्लब वूलविचच्या शस्त्रांच्या कारखान्यातल्या कामगारांनी काढला. तिथल्याच वेस्ट हॅम क्लबचे हातोडे जहाज बांधणाऱ्यांचे.

गोकाकचं मी असं केलंय: निळ्यावर उभ्या पांढऱ्या रेघा, खाली फेस. धबधबा 52 मीटरचा आणि सूतगिरणी त्याच्या काठावरच. त्यामुळं त्या रेघा पाणी म्हणून बघा नाहीतर सूत म्हणून बघा, गोकाकच दिसणार. बिदरला जर्सी काळी आणि त्यात बारीक चांदीची रेघ. बिदरी काम, म्हणजे काळ्या धातूच्या भांड्यावर चांदीची नक्षी, बघितलेल्याला पुढं सांगायला लागत नाही. किल्ल्यातली माती वापरूनच ते भांडं काळं करतात, म्हणजे किल्ला पाहिजेच असेल तर तो रंगात आलाय बघा.

अथणीवर मात्र कमेंटमध्ये रान पेटलं. मी चप्पल काढली होती, वरून दिसणारी, कान आणि वेणी सकट. एकानं लिहिलं, "पायताण छातीवर लावणार काय?" होय, लावणार. अथणीचे कारागीर पिढ्यान् पिढ्या कातडं कमवून, शिवून ती चप्पल घडवतात, आणि लग्नात नवरदेव ती मिरवतो. घालणाऱ्याला मान आणि बनवणाऱ्याच्या कामाला छातीवर जागा नाही, हे मला पटत नाही. इंग्लंडात नॉर्थहॅम्प्टनच्या क्लबला लोक 'कॉबलर्स' म्हणतात, म्हणजे चपला-बूट शिवणारे, आणि ते अभिमानानं मिरवतात. शिवाय 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं ते आठ जिल्ह्यांना मिळून, चार महाराष्ट्रातले, चार कर्नाटकातले. ते चित्र मी बदलणार नाही.

बेळगावसाठी बांबू. जुनं नाव वेणुग्राम, वेळूचं गाव. 2014 ला नाव बदलून बेळगावी केलं, त्यावर दोन्हीकडून बोलणं झालं, पण बांबूवर कुणाचं भांडण नाही. हिरवे-पांढरे पट्टे. आणि ज्यांनी कुंदा, कुंदा (आपली दुधाची मिठाई) म्हणून सलग कमेंट केल्यात त्यांच्यासाठी बाहेरची जर्सी कुंद्याच्या तपकिरी रंगाची.

निपाणीचं मात्र तीनदा खोडलं. आधी तंबाखूचं पान काढलं. माझी मामी तिकडची, बरीच वर्षं विड्या वळल्यात तिनं. कागदावर अंगठा ठेवून तिला दाखवलं, तर म्हणाली, "हे पळसाचं पान काय रे?" मग तिनंच मांडीवर सूप घेतलं, हातात कात्री धरली आणि म्हणाली, "हे काढ." तेच काढलंय. गोल सूप, त्यावर कात्री. रंग तेवढा राहिलाय. वाळलेल्या तंबाखूचा तपकिरी घेतला, तर तो बेळगावच्या कुंद्याच्या जर्सीवर जातोय, आणि बेळगाव निपाणीला खेळायला आलं की कुणाला तरी कपडे बदलायला लागणार. निपाणीकरांनो, तुम्ही सांगा, रंग कुठला घेऊ?