तिकिटावरचे तास

मंडळी, काळ, काम, वेगाची गणितं आपण सगळ्यांनीच शाळेत सोडवली आहेत. लंडन ते न्यूयॉर्क हवाई अंतर सुमारे 5,550 किलोमीटर. प्रवासी विमान ताशी साधारण 900 किलोमीटरने उडतं. भागाकार केला तर उत्तर येतं सहा तास दहा मिनिटं. पण तिकीट हातात घेऊन बघा. लंडनहून न्यूयॉर्कला जाताना जवळजवळ आठ तास, आणि परतताना सात. वाट तीच, विमानही तेच, मग हा एक तास कुठे जातो?

त्याआधी 'अंतर' म्हणजे काय ते बघू. माद्रिद आणि न्यूयॉर्क जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, 40 अंशांच्या जरा वर. भिंतीवरच्या नकाशात पट्टी ठेवली की सरळ पश्चिमेकडे रेघ जाते. पण त्या रेघेने उडालात, तर सुमारे 170 किलोमीटर जास्त पडतील. गोलावरची जवळची वाट उत्तरेकडे फुगते आणि अटलांटिकच्या मधोमध 46 अंशांपर्यंत चढते. हे बृहत्‌वृत्त. घरी पृथ्वीगोल असेल तर दोन शहरांवर दोरा ताणून बघा, मी सांगण्यापेक्षा ते जास्त पटेल.

आता तो हरवलेला तास. काही मिनिटं जमिनीवरच जातात, कारण तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतची असते. पण जाण्यायेण्यात फरक पाडतो तो वारा. दहाएक किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम वाहतो. 1920च्या दशकात वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने फुगे सोडून या वाऱ्याची मोजमापं घेतली, आणि जगाला कळावं म्हणून अहवाल एस्परांतो या जगभरच्या लोकांसाठी मुद्दाम तयार केलेल्या भाषेत छापला. जगात फारसा कोणी तो वाचला नाही. इतकं मोलाचं काम असं पडून राहावं याची मला आजही हळहळ वाटते. फेब्रुवारी 2020मध्ये याच वाऱ्यावर स्वार होऊन एक जंबो जेट न्यूयॉर्कहून चार तास छप्पन्न मिनिटांत लंडनला पोचलं.

मग जाताना अडवलं, येताना ढकललं, हिशेब फिटला? तसं होत नाही. ताशी 100 किलोमीटरचा वारा धरा. पाठीशी असताना पाच तास तेहेतीस मिनिटं, समोरून असताना सहा तास छप्पन्न. बेरीज बारा तास एकोणतीस मिनिटं. वारा नसता तर बारा तास वीस. विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ असतं, म्हणून तोटा नफ्याहून मोठा. मला ही नऊ मिनिटं फार आवडतात. ती कोणत्याही वैमानिकाला चुकवता येत नाहीत.

वाऱ्याइतकीच ताकद परवानगीची. हेलसिंकी ते टोकियो सुमारे 7,800 किलोमीटर. सायबेरियावरून हा प्रवास साडेनऊ तासांच्या आसपास व्हायचा. 2022मध्ये युक्रेनवर हल्ला झाला, युरोपीय देशांनी रशियन विमानांना आकाश बंद केलं, रशियाने त्यांच्या विमानांना. आता टोकियोला जाणारं फिनलंडचं विमान एक तर उत्तर ध्रुवाकडून जातं किंवा दक्षिणेकडून मोठा वळसा घेतं. वेळ तेरा तासांच्या घरात. पृथ्वीगोलावरचा दोरा तसूभरही लांबलेला नाही. पण साडेतीन तासांचं जास्तीचं इंधन जळतं, वैमानिकांच्या कामाचे तास वाढतात, आणि मुलांना कडेवर घेऊन बसलेल्या आया तेवढा वेळ जास्त अवघडतात.

आणि ही वाट नवी नाही. 1983मध्ये हेलसिंकीहून टोकियोला पहिलं विनाथांबा विमान निघालं, तेव्हा सोव्हिएत आकाश बंद होतं. तेही उत्तर ध्रुवावरूनच गेलं होतं.