जिवंत काटा

(पडद्यावर: न्यूयॉर्कचा जुना कृष्णधवल फोटो. दाटीवाटीची घरं, गल्लीवर आडवे वाळत घातलेले कपडे.)

साल 1891. न्यूयॉर्कचा तरुण सर्जन विल्यम कोली अस्वस्थ आहे. जानेवारीतच त्याची एक पेशंट गेली. बेसी, वय 17. हाताला सार्कोमा, म्हणजे एक प्रकारचा कॅन्सर, झाला होता. हात कापला, तरी ती वाचली नाही.

कोली हॉस्पिटलचे जुने केसपेपर उपसत बसला. त्यात एक नोंद सापडली. स्टाइन, जर्मनीहून आलेला माणूस. मानेवरची गाठ कितीदा कापली, तरी पुन्हा उगवायची. त्यात जखमेला धावरे, म्हणजे कातडीचा जंतुसंसर्ग, झालं. कातडी लालबुंद, अंगात फणफणता ताप. ताप उतरला, आणि गाठही विरली! कोली त्याला शोधत मॅनहॅटनच्या गरीब वस्तीत दारोदार फिरला. स्टाइन सापडला. चांगला ठणठणीत.

मग कोलीने धाडस केलं. झोला नावाच्या एका इटालियन रुग्णाला धावऱ्याचे जिवंत जंतू टोचले. महिनोन्‌महिने काही लागू पडेना. अखेर ऑक्टोबरात ताप चढला, इतका की माणूस जातोय असं वाटलं. पण गाठ फुटून वाहू लागली. झोला पुढे 8 वर्षं जगला.

काट्याने काटा काढावा म्हणतात. पण इथे काटा जिवंत होता. पुढच्या काही रुग्णांचा जीव धावऱ्यानेच घेतला. तेव्हा कोलीने जंतू उष्णतेने मारून टोचायला सुरुवात केली. मग क्ष-किरण आले, आणि त्याची लस हळूहळू मागे पडली.

(पडद्यावर: औषधाची छोटी कुपी. तळाशी पांढरी भुकटी.)

मागे पडली, पण कल्पना मेली नाही. ही भुकटी म्हणजे बीसीजी. हो, तीच क्षयाची लस, जिचा व्रण आपल्या दंडावर असतो. 1976 साली कॅनडात डॉ. अल्वारो मोरालेस यांनी मूत्राशयाच्या कॅन्सरवर तिचा उपयोग दाखवला. तेव्हापासून नळीवाटे ती मूत्राशयात सोडतात, आठवड्यातून एकदा, असे 6 आठवडे. पेशंटने लघवी 2 तास रोखून धरायची. मग जळजळ होते, कणकण येते. शरीराचे शिपाई जागे झाल्याची ती खूण!

बर्लिनच्या संशोधकांनी या बीसीजीची जनुकंच बदलली. लिस्टेरिया या दुसऱ्या जंतूचं एक जनुक तिच्यात बसवलं. त्यापासून बनणारं प्रथिन पेशीच्या आतल्या पडद्याला भोकं पाडतं, म्हणजे जंतूचा सुगावा पटकन लागतो. पुढे या लसीचं काम पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे आलं. साध्या बीसीजीनंतरही कॅन्सर उलटलेल्या रुग्णांवर युरोपात तिची चाचणी झाली. 60 आठवड्यांनी सुमारे निम्म्यांच्या मूत्राशयात तो परतलेला नव्हता.

मूत्राशयात नळी घालता येते. पण पोटात, फुप्फुसात खोल बसलेल्या गाठीचं काय?

गाठ भराभर वाढते, रक्तवाहिन्या मागे पडतात. गाभ्यात ऑक्सिजन नाही, मेलेल्या पेशींचा खच. औषध रक्तातून येणार, ते तिथवर पोचतच नाही. पहारेकरी पेशीही आत फारशा फिरकत नाहीत. औषधाला जिथे वाट नाही, तिथे काही जंतूंना मात्र माहेरपण! खायला भरपूर, हटकणारं कोणी नाही.

पण माहेरी येतील तेव्हा ना. 2002 साली दुबळा केलेला साल्मोनेला हा जंतू मेलॅनोमाच्या, म्हणजे कातडीच्या एका कॅन्सरच्या, 24 रुग्णांना शिरेतून दिला. बहुतेकांच्या गाठीत तो रुजलाच नाही. गाठ एकाचीही आकसली नाही.

(पडद्यावर: सूक्ष्मदर्शकाखाली हिरवे चमकणारे ठिपके. उजळतात, विझतात. पुन्हा उजळतात.)

न्यूयॉर्कच्याच कोलंबिया विद्यापीठात ताल डॅनिनो यांच्या प्रयोगशाळेने वेगळा जंतू निवडला. ई. कोलाय निस्ले. त्याची कुळकथा ऐकण्यासारखी आहे. पहिल्या महायुद्धात शिपाई हगवणीने हैराण होते. एकाला मात्र काही झालं नाही. 1917 साली जर्मन डॉक्टर आल्फ्रेड निस्ले यांनी त्याच्याच विष्ठेतून हा जंतू वेगळा केला. पुढे तो पोटाचं औषध म्हणून विकला गेला.

डॅनिनोंच्या चमूने अशा निरुपद्रवी ई. कोलाय जंतूंना मोजायला शिकवलं. प्रत्येक जंतू एक रसायन सोडतो. गर्दी वाढली की रसायन दाटतं. ठरावीक पातळीला एक जनुक जागं होतं आणि जंतू फुटतो. सोबतीचे बहुतेकही फुटतात. त्यांच्या पोटात दडवलेलं औषध थेट गाठीत सांडतं. कॅन्सरच्या पेशी पहारेकरी पेशींसाठी 'मला खाऊ नका' अशी पाटी लावून बसतात, तिचं नाव सीडी47. हे औषध ती पाटीच झाकतं.

2019 साली निकाल छापून आले. गाठी आकसल्या. ज्या गाठींत जंतू टोचलेच नव्हते, त्यांचीही वाढ मंदावली. पण हे सगळं उंदरांत, हे विसरून चालणार नाही.

मला भुरळ पडते ती त्या फुटण्याची. कोलीच्या जंतूंना थांबायचं कधी, ते ठाऊक नव्हतं. हे आधी मोजतात, मग मरतात. मोजके काही मागे उरतात, पुन्हा वाढू लागतात.

(पडद्यावर: अंधार. एक हिरवा ठिपका. मग दुसरा.)