शहराला स्वतःची पॅरिश कौन्सिल हवी का?

नमस्कार श्रोतेहो. आजचा विषय इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्या मंडळींच्या रोजच्या जगण्यातला आहे.

पॅरिश म्हटलं की चर्च आठवतं. पण १८९४ च्या कायद्याने इथल्या खेड्यांचा कारभार चर्चकडून काढून लोकांनी निवडलेल्या पॅरिश कौन्सिलकडे दिला. आपली ग्रामपंचायतच म्हणा ना! बागा, स्मशानभूमी, बस थांब्याची शेड ही तिची कामं. खेड्यांना हे मिळालं. मोठी शहरं मात्र बरीचशी कोरडीच राहिली.

सॉल्सबरीचं पाहा. २००९ साली तिथली डिस्ट्रिक्ट कौन्सिल बरखास्त झाली आणि कारभार विल्टशायर कौन्सिल या मोठ्या कौन्सिलकडे, म्हणजे ट्रोब्रिज या दुसऱ्या गावी गेला. त्याच वेळी शहराला सिटी कौन्सिल मिळाली. नाव भारदस्त, पण कायद्याने ती पॅरिश कौन्सिलच. मंगळवार-शनिवारचा जुना बाजार आणि गिल्डहॉल आज तीच सांभाळते. डरहॅमला यासाठी २०१८ उजाडलं. बाथमध्ये १९९६ पासून चार्टर ट्रस्टी आहेत. ते महापौरपदाची परंपरा जपतात, पण बाग किंवा बाकडं त्यांच्या हातात नाही.

माझं मत स्पष्ट आहे: शहराला अशी कौन्सिल हवीच. दिव्याच्या खांबाला बांधलेली बांधकाम परवान्याची नोटीस तुम्ही पाहिली असेल. प्लास्टिकच्या पिशवीत, पावसाने शाई फुटलेली. कोण थांबून वाचतं ती? पॅरिश कौन्सिल असेल तर असे अर्ज तिच्याकडे येतात, उघड्या बैठकीत त्यावर बोलणं होतं आणि तुम्हाला तिथे जाऊन बसता येतं. अंतिम निर्णय मोठ्या कौन्सिलचाच, हे खरं. पण शहराचं म्हणणं लेखी नोंदलं जातं, आणि निर्णय घेताना ते विचारात घ्यावं लागतं.

आक्षेप एकच, पण खरा आहे: पैसा. काउन्सिल टॅक्सच्या, म्हणजे इथल्या घरपट्टीच्या, बिलावर आणखी एक ओळ वाढते. शिवाय मोठ्या कौन्सिलने ठराविक मर्यादेपलीकडे कर वाढवला तर सार्वमत घ्यावं लागतं; पॅरिशला ते बंधन आजवर लावलेलं नाही. त्यात पुष्कळ ठिकाणी जागा बिनविरोध भरतात. म्हणजे लक्ष ठेवायला माणसं हवीत, आणि इथे आपण कमी पडतो. भारतीय पासपोर्ट असला तरी इथे रीतसर राहणारा माणूस कॉमनवेल्थ नागरिक म्हणून मतदार यादीत नाव घालू शकतो. कित्येकांना हे ठाऊकच नसतं!

शहरासारख्या मोठ्या भागात साडेसात टक्के मतदारांनी अर्जावर सह्या केल्या, की पॅरिशच्या मागणीचा विचार मोठ्या कौन्सिलला करावाच लागतो, तोही वर्षभरात. यादीत नाव नसेल, तर तुमची सही त्यात धरली जात नाही.